पहिले पंधरा दिवस

दुकानातलं माणूस गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप खिशावर जातो. राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात तेच झालं. आईसाठी फोन घ्यायला गेलो होतो. वडील गेल्यापासून आई आमच्या फ्लॅटवर राहते. गाव पेठ वडगावच्या पलीकडं, तिथं धाकटा भाऊ शेती आणि म्हशी बघतो. आईचा जीव त्या म्हशींत. रोज संध्याकाळी माझ्या फोनवरून भावाला व्हिडिओ कॉल लावायचा, त्यानं फोन गोठ्यातून फिरवायचा आणि आईनं एकेक म्हैस डोळे भरून बघायची, हा आमचा नेम. बघायची फक्त. म्हशींबद्दल बोलायची काही नाही. शेवटी संध्याकाळी माझाच फोन मला मिळेना, म्हणून तिला तिचा घ्यायचं ठरलं.

फोन पसंत पडला, बिल झालं, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, इन्शुरन्स करून टाका की. आजींच्या हातातनं पडला की काच गेलीच म्हणून समजा."

"पडेल कशाला?"

"पडतोच की ओ. सगळ्यांचा पडतोय."

पाचच मिनिटांपूर्वी याच मुलीनं फोन किती दणकट आहे हे दाखवायला तो काउंटरवर ठोकला होता. पैसे देईपर्यंत जो फुटत नव्हता, तो पैसे दिल्यावर लगेच फुटायला लागला. मी चष्मा लावून तिच्या स्क्रीनमध्ये डोकावलो. विम्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच होती. मला न विचारता माझ्या वतीनं कुणी हो म्हटलं की माझं डोकं फिरतं. आधी ती खूण काढायला लावली आणि मग म्हटलं, अटी दाखवा.

"अटी लिंकवर येतात काका."

"लिंक नको, कागद द्या."

"आजपर्यंत कुणी मागितला न्हाय ओ."

"मग आज मी मागतोय."

मागं उभा असलेला गडी कंटाळला होता. "पावणं, घ्या न्हायतर सोडा की. आमास्नी बी कामं हाईत," तो म्हणाला. मी मागं वळूनही बघितलं नाही. मुलीनं तोंड वाकडं करून प्रिंट काढली. चौदा पानं निघाली, दोन्ही बाजूंनी, मुंगीएवढ्या अक्षरात. "तीन दिवसांत सांगा, नंतर सिस्टीम घेत न्हाय," असं म्हणून तिनं ती माझ्याकडं सरकवली.

मी इंग्रजीचा मास्तर. आयुष्य हायस्कुलात गेलं. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईनं सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल तर 'प्रश्न पूर्ण वाचा.' अर्धा प्रश्न वाचून उत्तर ठोकणाऱ्या पोरांचा मला मनस्वी राग यायचा आणि मी त्यांचे मार्क निर्दयपणे कापायचो. घरीही तेच. गॅसच्या शेगडीची वॉरंटी असो की सोसायटीची नोटीस, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. बायको म्हणते, तुमचं औषधाच्या बाटलीवरचं वाचून होईपर्यंत आजार बरा होतो. म्हणू दे. फसवणूक नेहमी शेवटच्या ओळीत लपलेली असते, असं मी समजून चाललो होतो.

घरी आल्यावर फोन आईच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग भावाला कॉल लावला तर तिला काही ऐकूच येईना. ती ओरडायला लागली, तिकडून भाऊ ओरडायला लागला. मी बघितलं तर फोनवर कारखान्यातून आलेला प्लॅस्टिकचा कागद तसाच होता, ऐकायच्या भोकावरही. मी नखानं त्याचं टोक उचललं, तर आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"काडू नगंस. आलंय तसं ऱ्हाऊ दे."

"अगं, त्यानं ऐकू येत नाही."

"मी मोठ्यानं बोलतो. पर काडू नगंस."

हे तिचं नेहमीचं. आमच्या घरात फ्रिजवरचा स्टिकर अजून आहे, पिवळा पडलेला. स्टीलच्या डब्यांवरची लेबलं घासून घासून अर्धी गेली, पण तिनं सोलून काढली नाहीत. स्वेटरच्या मानेवरचं लेबल टोचतं, मान लाल होते, तरी कापायचं नाही. आम्ही भावंडं यावरून तिला किती चिडवलंय त्याला गणती नाही. एकदा मी म्हटलं होतं, आई, तुझा नातू जन्मला तेव्हा दवाखान्यात त्याच्या पायाला चिठ्ठी बांधली होती ती तरी काढू दिलीस हे नशीब. सगळे हसले, तीही हसली. असं का करतेस, हे मात्र आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं धरून चाललो.

त्या संध्याकाळी मी बायकोला विम्याबद्दल सांगत होतो. आई शेजारीच होती. 'विमा' हा शब्द ऐकल्यावर ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "बिल्ला मातूर जपून ठेवा म्हनं त्येंचा." बायकोला काही समजलं नाही. मला समजलं, पण मी विषय बदलला.

बिल्ल्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची. वडलांनी एक देखणी म्हैस आणली होती. ती निवडली होती आईनं. त्या काळात आसपासच्या चार घरची माणसं म्हैस घ्यायच्या आधी आईला बोलवायची. ती कासेवरून हात फिरवायची, जनावराच्या डोळ्यांत बघायची आणि 'घ्या' किंवा 'नगं' एवढंच सांगायची. त्यावर व्यवहार व्हायचे. गावातल्या दूध संस्थेमार्फत त्या म्हशीचा विमा उतरवला. डॉक्टरांनी येऊन तिच्या कानात नंबर कोरलेला पितळी बिल्ला ठोकला.

आठवडाभरात कान चिघळला. माश्या बसायला लागल्या, जखमेत किडे झाले. म्हैस डोकं आपटायची, धार काढू द्यायची नाही. आईनं बिल्ला काढला, कान कडुलिंबाच्या पाण्यानं धुतला, हळद भरली. कान सुकायला लागला. बिल्ला किमती आहे, सरकारी आहे, हरवला तर पंचाईत, म्हणून तिनं तो धुऊन पुसून फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आमच्या घरात जपायची प्रत्येक गोष्ट देव्हाऱ्यातच जायची.

मग म्हशीला घटसर्प झाला. सकाळी गळा सुजला आणि दुपारपर्यंत म्हैस गेली. दूध संस्थेचे सेक्रेटरी पंचनाम्याला आले. त्यांनी कान बघितला आणि विचारलं, बिल्ला कुठाय? आईनं पळत जाऊन देव्हाऱ्यातून फडकं आणलं आणि त्यांच्यापुढं सोडलं. सेक्रेटरी हसले. "वैनी, बिल्ला म्हशीच्या कानात पायजे. तुमी काय देवाचा इमा उतरवलाय?"

ते गेल्यावर वडलांनी विम्याचा कागद माझ्यापुढं धरला. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. "तू कालेजात हाईस. वाच, काय लिवलंय." अंगणात शेजारची पाचसहा माणसं उभी होती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी कागद हातात घेतला. वर जाड अक्षरात एक ओळ होती: बिल्ला नसेल तर भरपाई नाही. ती मला आली. खाली बारीक अक्षरात पुष्कळ काही होतं. मी नजर फिरवली. मधे कंसात पंधराचा आकडा दिसला, बाकी शब्द लागेनात. मी मान वर केली आणि म्हणालो, "बिल्ला काढला म्हणून गेलं. इथं लिहिलंय."

वडील हात उगारणारे नव्हते. ते फक्त बोलायचे. "बिल्ला काढणाऱ्या माणसाला काय इचारायचं?" हे त्यांचं वाक्य त्या दिवशी सुरू झालं आणि घरात राहिलं. बियाणं कुठलं आणायचं, बहिणीला स्थळ कुठलं बघायचं, जिथं म्हणून आईनं तोंड उघडलं तिथं ते वाक्य यायचं. पुढं पुढं ते हसत म्हणायचे, आम्हीही हसायचो. म्हैस बघायला बोलवायला कुणी आलं तर आई म्हणायची, "त्येंनास्नीच न्या." मग लोक यायचे बंद झाले.

दुकानातून आणलेले कागद मी दुसऱ्या दिवशी सकाळी पसरून बसलो. हातात पेन्सिल. पहिल्या पानापासून माझा संशय वाढत चालला. चोरी झाली तर भरपाई, पण कुलूप तोडल्याची खूण पाहिजे. पाण्यात पडला तर भरपाई, पण निष्काळजीपणा नसावा. पाण्यात फोन काळजीपूर्वक कसा पाडायचा, ते लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक पानावर मी समासात प्रश्नचिन्हं काढत गेलो आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. चोर हाताला लागत होता.

नवव्या पानावर एक कलम होतं. विमा सुरू झाल्यापासून पहिले पंधरा दिवस कोणतीही भरपाई मिळणार नाही. पंधराचा आकडा कंसात होता.

मी पेन्सिल खाली ठेवली. तो कंस मी आधी बघितला होता.

वडलांची पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. गावाकडून आणल्यापासून मी ती उघडली नव्हती. सातबारा, जुन्या पावत्या, बहिणीच्या लग्नाची यादी, आणि तळाशी तो कागद. घड्यांवर फाटलेला. त्याला दोऱ्यानं तो पितळी बिल्ला बांधलेला होता. वडलांनीच बांधला असणार, पुरावा म्हणून. सोबत म्हैस मेल्याचा डॉक्टरांचा दाखला टाचलेला. मी खिडकीजवळ बसून सगळं वाचलं, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. खालून तिसऱ्या ओळीत होतं की विमा सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत रोगानं जनावर मेलं तर भरपाई नाही. दोन्ही कागदांवरच्या तारखा बघितल्या. मधे बाराच दिवस होते.

म्हणजे बिल्ला कानात असता तरी काही मिळणार नव्हतं. देव्हाऱ्यात असता, गोठ्यात असता, सेक्रेटरींच्या खिशात असता, तरीही नाही. आईनं बिल्ला काढल्यानं काहीही बिघडलं नव्हतं. सुधारला होता तो फक्त म्हशीचा कान.

आयुष्यभर मी दुकानदारांवर, बँकांवर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर संशय घेतला. एक ओळ वाचून निकाल देणाऱ्या पोरांचे मार्क कापले. आणि अंगणात पाचसहा माणसांसमोर, येत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून, मीच एक ओळ वाचून आईचा निकाल लावला होता.

सांगावं की नाही, यावर मी तासभर घालवला. वडील राहिले नाहीत. आईचं वय झालंय. आता सांगून कुणाचं भलं होणार, असं एक मन म्हणायचं. पण ते मन मला चांगलं ओळखीचं होतं. दुकानातल्या त्या चौकोनातल्या खुणेसारखं, ते माझ्या सोयीचं उत्तर आधीच भरून बसलं होतं. मी उठलो.

आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती पानं खुडत राहिली.

"म्हंजे बिल्ला कानात असता तरी?"

"तरी नाही."

"आनि तवा तुला वाचाय येत हुतं?"

"एक ओळ आली."

"बाकीचं?"

"नाही आलं. सगळे बघत होते. लाज वाटली."

तिनं देठं बाजूला केली. मग म्हणाली, "त्येंच्या शेवटच्या दुखण्यात मी औषिदाची पट्टी हातात बी धरली न्हाय. कंची गोळी द्याची ते मी सांगाय गेलो, तर तुला कोन इचारतंय म्हनलं त्येंनी. तूच देत हुतास." ती माझ्याकडं बघत नव्हती. "माजी चूक न्हवती, ह्ये त्येंनास्नी कदी कळलंच न्हाय."

मी चुकलो असं म्हणालो. ती 'असू दे' म्हणेल अशी मला खात्री होती. आया म्हणतात. ती म्हणाली नाही. मेथीची परात उचलून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी भावाला कॉलही लावला नाही. ताट मात्र वाढलं. मला ते जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत असताना ती आली. हातात ती चौदा पानं. तिनं ती माझ्या मांडीवर टाकली आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"वाच."

"थोडक्यात सांगायचं तर यात..."

"थोडक्यात नगं. समदं वाच."

मी वाचायला लागलो. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. ती मधेच थांबवायची, पुन्हा वाचायला लावायची. कुलपाच्या खुणेपाशी म्हणाली, "एस्टीत खिसा कापला तर कुलूप कुठलं आणायचं?" पाचव्या पानावर एक कायद्याचा शब्द होता, तो मला लागला नाही. जुन्या सवयीनं मी पुढं सरकणार होतो. मग थांबलो आणि म्हणालो, "आई, हा शब्द मला येत नाही." तिनं मान हलवली. मी उठून डिक्शनरी आणली.

नववं पान आलं. पंधरा दिवसांचं कलम वाचलं. तिनं बोटांवर दिवस मोजले.

"आनि इमा घ्याचा का न्हाय ते सांगाय आपल्याला किती दिस?"

"तीन. आज शेवटचा."

"त्येंचं पंधरा दिस, आनि आपलं तीनच?"

मी एवढी प्रश्नचिन्हं काढली होती, त्यात हे नव्हतं. पुढची पाच पानंही तिनं सोडू दिली नाहीत. वाचून संपलं तेव्हा माझा घसा बसला होता. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "नगं. घेऊ नगंस. मी जपून वापरतो. फुटला तर फुटला."

मी 'बरं' म्हणालो. 'बघू' नाही, 'विचार करून सांगतो' नाही. तिच्या एका शब्दावर ठरलं, आणि आमच्या घरात हे किती वर्षांनी झालं ते मला आणि तिला, दोघांनाही माहीत होतं.

दुपारी दुकानातल्या मुलीचा फोन आला. "काका, आज शेवटचा दिवस हाय. करायचं न्हवं?"

"नाही. आई नको म्हणते."

"आजींना काय कळतंय ओ त्यातलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती पोर बिचारी तिच्या कामाचं बोलत होती, माझा राग तिच्यावर नव्हताच. तरी आवाज चढला. "तिनं चौदाच्या चौदा पानं ऐकलीत. तुम्ही वाचलीत का कधी?"

"न्हाय ओ काका," मुलगी म्हणाली आणि हसली. खरं बोलली. मला तिचा राग राहिला नाही.

संध्याकाळी आई नवा फोन घेऊन गॅलरीत बसली. मला हाक मारली आणि फोन पुढं केला. "ह्ये काड. आईकू येत न्हाय." मी प्लॅस्टिकचा कागद सोलून काढला. तिनं तो घेतला, चुरगळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. मग कॉल लावला. भावाचा आवाज एवढा खणखणीत आला की ती दचकली.

भाऊ फोन घेऊन गोठ्यातून फिरायला लागला. हल्ली सगळ्याच जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो. पहिली म्हैस झाली, दुसरी झाली. तिसरीपाशी आई म्हणाली, "थांब. मागं जा. कान दाव तिचा."

भाऊ गोंधळला. इतक्या दिवसांत ती कधी काही म्हणाली नव्हती. त्यानं फोन जवळ नेला.

"सुजलाय कान. चिघळाय लागलाय. डाक्टरला आत्ताच्या आत्ता बोलीव, आनि त्यो बिल्ला काडाय सांग."

"बिल्ला?" भाऊ म्हणाला. आमच्या घरात हा शब्द कुणी आईसमोर साधेपणानं उच्चारत नाही. मग म्हणाला, "आई, थांब, दादाला इचारतो. त्यो हाय का तिथं?"

मी तिच्या खुर्चीमागंच उभा होतो. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"त्येला काय इचारतोस?" ती म्हणाली. "मी सांगतोय न्हवं."

भाऊ 'व्हय' म्हणाला आणि त्यानं फोन पुन्हा म्हशीच्या कानाजवळ नेला.